तपशिलात काय लिहायचे?

मागच्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या पेढीवर चार मागांचा एक कारखानदार आला. सूत आमच्याकडून नेतो, कापड आमच्याकडेच टाकतो. दोन पिढ्यांचा व्यवहार आहे. त्याचे वडील वारले. घर आणि मागांचा शेड वडिलांच्या नावावर होता. तिथे स्वतःचे नाव लावून घेण्यासाठी तो चार महिने एका कचेरीच्या फेऱ्या मारत होता. मृत्यूचा दाखला, बहिणींची संमती, घरपट्टी भरल्याच्या पावत्या, सगळे कागद पूर्ण. शेवटी कारकुनाने सरळ सांगितले, तीन हजार लागतील.

तो माझ्याकडे तक्रार सांगायला आला नव्हता, तीन हजार उसने मागायला आला होता. "सेठ, दर आठवड्याच्या हिशेबातून थोडे थोडे कापून घ्या," म्हणाला. त्याच्या तोंडावर ना राग, ना शरम. सुताचे भाव वाढले की जसे सांगतो तसेच सांगितले.

मी गल्ला उघडला. खरे सांगायचे तर विचारही केला नाही. शेजारी माझा मुलगा संगणकावर हिशेब लिहीत होता. त्याने विचारले, "अब्बा, चाचांच्या नावे उधार लिहितो, पण तपशिलात काय लिहू?"

माझ्या वडिलांच्या खतावणीत या प्रश्नाला उत्तर होते. 'किरकोळ खर्च' नावाचे एक खाते असे आणि त्याच्या पोटात सगळे काही मावत असे. सरकारी पाहुण्यांचा चहा, दिवाळीचे डबे, निरीक्षकाचा सूटपीस, नाक्यावरचे पैसे. मी तेच खाते तीस वर्षे चालवले. पण त्या दिवशी एका गरीब माणसाच्या नावावर ते कर्ज चढवायची वेळ आली आणि मला तपशील सुचेना. गल्ला बंद केला. त्याला म्हटले, "बस, आधी चहा घे."

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला हक नाही. १९९३ साली मी वडिलांच्या गादीवर बसू लागलो. त्या काळी गावाच्या वेशीवर जकात नाके होते. उर्दू शाळेतून आलेल्या मला ती पाटी पहिल्यांदा वाचून मोठे आश्चर्य वाटले होते, की ट्रकवाले इथे जकात कशी देतात? नंतर समजले की ही जकात वेगळी. तर त्या नाक्यावर आमच्या बारा गाठी आल्या की कागदावर दहा लागत. दोन गाठींच्या जकातीतले थोडे कारकुनाला, बाकीचे आमच्या घरात. याला आम्ही रिश्वत म्हणत नव्हतो, 'समझोता' म्हणत होतो. तो खूश, आम्ही खूश. नुकसान झालेच तर पालिकेचे, आणि पालिका म्हणजे कोण? कोणीच नाही.

पुढे फार उशिरा माझ्या लक्षात आले की ज्या उर्दू शाळेत मी शिकलो ती पालिकेचीच होती, आणि पालिकेची मोठी कमाई म्हणजे हीच जकात. आमच्या वर्गाचे छप्पर पावसाळ्यात गळायचे, आम्ही मुले बाकडी एका कोपऱ्यात ओढून बसायचो. त्या गळक्या छपरात माझ्या दोन गाठींचा वाटा नव्हता असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

पण धडा मिळाला तो दुसरीकडून. दोन वर्षांनी एकदा आमचा माल पूर्ण बिलाने आला, गाठी जेवढ्या कागदावर तेवढ्याच ट्रकमध्ये. तरी त्याच कारकुनाने पैसे मागितले आणि ट्रक रात्रभर उभा केला. मी रागाने म्हणालो, वर तक्रार करीन. तो हसला. म्हणाला, "करा ना शेठ. मीही सांगेन तुमच्या आधीच्या गाठींचे." मी गुपचूप पैसे दिले. जकात नाके आता राहिलेले नाहीत, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईचा शेवटचा नाकाही उठला. पण त्या कारकुनाचे हसणे मला आजही दिसते. त्याने माझे तोंड विकत घेतले होते, आणि तेही माझ्याच पैशांनी.

म्हणून माझे म्हणणे असे की लाच दोन प्रकारची असते आणि आपण दोन्हींची सरमिसळ करतो. एक, आपल्या हकाचे काम अडवून मागितलेली. दुसरी, दुसऱ्याचा हक बुडवण्यासाठी आपण होऊन दिलेली. पहिलीत आपण मजलूम असतो, दुसरीत भागीदार. जो दुसरी देतो तो पहिलीविरुद्ध कधीच उठू शकत नाही. बाजारात बसून "सगळे खाते भ्रष्ट आहे" म्हणणारे आपण पुष्कळ, पण कचेरीत जाऊन लेखी देणारा क्वचितच एखादा. त्याचे कारण भीती हे खरेच, परंतु निम्मे कारण आपल्या चोपडीत आहे. ज्याचे बिल कच्चे, ज्याची गोदामाची नोंद अर्धी, तो कोणाकडे बोट दाखवणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या बाबतीत आपल्या बाजारात पंचवीस वर्षांपूर्वीची माहिती चालू आहे. 'देणारा मजबूर असतो, पकडला जातो तो घेणारा' असे आपण समजतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. पूर्वी देणाऱ्यावरही मदतनीस म्हणून ठपका येऊ शकत होता, पण कलम २४ मुळे, घेणाऱ्याच्या खटल्यात त्याने स्वतः दिलेल्या जबाबावरून त्याच्यावर खटला होत नसे. २६ जुलै २०१८ पासून हे बदलले. कलम २४ गेले आणि नव्या कलम ८ ने लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. घेणाऱ्या लोकसेवकाला कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात.

याच कलमात मजबूर माणसासाठी एक दरवाजा ठेवला आहे. ज्याला बळजबरीने लाच द्यावी लागली त्याने दिल्याच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर तो गुन्हेगार ठरत नाही. आणि ज्याने आधीच कळवून, सापळ्यासाठी पैसे दिले त्यालाही हे कलम लागत नाही. म्हणजे आठव्या दिवशी 'मी मजबूर होतो' हे म्हणणे संपले. आपल्यापैकी किती जणांना हे सात दिवस ठाऊक आहेत? मी आमच्या गल्लीतल्या नऊ पेढ्यांवर विचारले. एकालाही नाही, आणि महिन्यापूर्वी मलाही नव्हते.

आणखी एक गोष्ट. आपण स्वतः कचेरीत जात नाही. मुनीमला म्हणतो, "तू बघून घे." कर सल्लागाराच्या हातात रक्कम ठेवतो आणि पुढे काय झाले ते विचारत नाही. कलम ९ नुसार पेढीसाठी काम करणाऱ्याने पेढीच्या फायद्यासाठी लाच दिली तर पेढीलाही दंड होऊ शकतो. भागीदारीची पेढी असली तरी सुटका नाही. डोळे मिटून घेतले की हात स्वच्छ राहतो, ही समजूत सोडावी.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागात काय होते हे आपल्या लोकांना माहीत नसल्यामुळे त्याची भीती आहे. मला ते एका सूत व्यापाऱ्याने सांगितले, ज्याने काही वर्षांपूर्वी सापळा लावला होता. गाव आणि नाव सांगत नाही. त्याने १०६४ या क्रमांकावर फोन केला, दुसऱ्या दिवशी विभागाच्या कार्यालयात गेला. त्याला वाटत होते अर्ज शुद्ध मराठीत लिहून न्यावा लागेल. तिथे त्याने तोंडी सांगितले आणि त्यांनी लिहून घेतले. मग पडताळणी. दोन सरकारी पंच सोबत, खिशात आवाज टिपण्याचे यंत्र, आणि जाऊन फक्त बोलायचे. मागणी झाली की नाही एवढेच त्यात पाहतात. येथे लक्षात ठेवा, नुसती मागणी हाही गुन्हा आहे, नोट हातात पडलीच पाहिजे असे नाही.

मग सापळ्याचा दिवस. नोटांचे क्रमांक पंचांसमोर लिहून घेतले. नोटांवर अँथ्रासीन नावाची पावडर लावली. साध्या उजेडात ती दिसत नाही, अतिनील दिव्याखाली चमकते. घेणाऱ्याची बोटे, खिसा, टेबलाचा खण, जिथे जिथे नोट लागली तिथे ती पावडर बोलते. तो म्हणाला, "माझे हात असे थरथरत होते की मलाच वाटले, चोर मी आहे." ठरलेली खूण करायची होती, डोक्यावरून हात फिरवायचा. तो दोनदा विसरला. पण काम झाले. सापळ्यासाठी दिलेले पैसे त्याला परत मिळाले. अडलेले कामही झाले, विभागाने त्याचा पाठपुरावा केला.

यानंतरचा भाग मात्र त्याने मान खाली घालून सांगितला. पकडलेल्याच्या नातेवाइकांनी मध्यस्थ पाठवले, आणि ते मध्यस्थ आपलेच लोक होते. एक नगरसेवक, एक संघटनेचा माजी पदाधिकारी, एक तर मशिदीतला पहिल्या सफीचा नमाजी. "जाऊ द्या, त्याची लहान मुले आहेत. कोर्टात सांगा की पैसे उसने होते." खटला वर्षानुवर्षे चालला. दुकान बंद ठेवून त्याला तारखांना जावे लागले. पण तो फिरला नाही.

फिरणारे पुष्कळ असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता खटल्यात सांगितले की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी इतर साक्षी आणि परिस्थितीजन्य पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते. याचा व्यवहारातला अर्थ असा की फितूर होऊन आता आरोपी सुटेलच याची खात्री नाही. मध्यस्थ घरी आला तर त्याला चहा पाजावा आणि हे सांगावे.

मी येथे कोणाला खोटा धीर देणार नाही. सतीश शेट्टी माहितीचा अधिकार वापरून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सकाळी फिरायला निघाले असता त्यांचा खून झाला. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडी येथे केरोसीनच्या काळ्या धंद्याला हात घातला. २५ जानेवारी २०११ रोजी त्यांना भर दिवसा जाळले. ते स्वतः सरकारी अधिकारी होते. सगळे साहेब सारखेच, असे बोलताना आपण त्यांना विसरतो. प्रत्येक कचेरीत एखाद-दुसरा न खाणारा असतोच, आणि आपण टेबलावर पाकीट ठेवतो तेव्हा सर्वांत जास्त पाडाव त्याचा होतो. त्याचे सहकारी त्याला सांगतात, बघ, लोकच देतात. तक्रारदाराच्या रक्षणासाठी संसदेने २०१४ मध्ये कायदा मंजूर केला, पण दहा वर्षे उलटली तरी तो लागू झाला नाही. या बाबतीत सरकारला दोष द्यावा तेवढा थोडा. तरीही तेल माफियाशी लढणे आणि नावनोंदणीच्या कारकुनाची तक्रार करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपले रोजचे गाऱ्हाणे दुसऱ्या जातीचे आहे.

आता सूटपीसविषयी. कापडाच्या धंद्यात असल्यामुळे हा आपला खास रोग. साहेब दुकानात येतो, ताक्यावर हात फिरवतो, "छान आहे" म्हणतो. आपण मीटर लावून कापून बांधून देतो, बिल नाही. हिशेबात 'सॅम्पल'. ईद, दिवाळीला डबे वेगळे. आपण म्हणतो ही रिश्वत नव्हे, मोहब्बत आहे. प्रेषित (स.) यांच्या काळातली ती हकीकत आपण जुम्म्याच्या बयानात ऐकलेली आहे. जकात गोळा करायला नेमलेला एक माणूस परत आला आणि म्हणाला, हे तुमचे, आणि हे मला भेट मिळाले. त्यावर त्यांनी विचारले ते असे, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? त्या साहेबाची बदली झाल्यावर आपण त्याला कधी सूटपीस पाठवला आहे? सरकारच्या स्वतःच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही भेटवस्तू घेण्यावर बंधने आहेत. साहेबाला कापड आवडले तर बिल करावे. फार तर सवलत द्यावी, जी दुसऱ्या गिऱ्हाईकालाही देऊ.

चार मागांच्या त्या कारखानदाराकडे वळतो. मी त्याला १०६४ विषयी सांगितले. तो घाबरला. "सेठ, मला तिथेच राहायचे आहे, माझे नळ, माझे गटार, सगळे त्यांच्याच हातात." मी जोर केला नाही. ज्याच्या पाठीशी पेढी नाही त्याने वाघाच्या तोंडात हात घालावा असे गादीवर बसून सांगणे सोपे आहे. आम्ही दुसरा रस्ता धरला.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, कोण देईल, न मिळाल्यास अपील कोणाकडे, हे प्रत्येक कार्यालयाने फलकावर लावायचे असते. अर्जाची पोच द्यायची असते. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचे असते. मुदत चुकली तर पहिले अपील, दुसरे अपील, आणि त्यानंतर आयोग. कारण नसताना टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पाच हजार म्हणजे मोठी रक्कम नाही, पण दंड झाल्याची नोंद कागदावर येते आणि ती नोंद त्यांना रकमेपेक्षा जास्त बोचते.

चार महिन्यांत त्याने चार वेळा अर्ज दिला होता आणि एकदाही पोच घेतली नव्हती! कारण अर्ज त्याने दिलाच नव्हता. कचेरीबाहेरच्या झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या दलालाने दिला होता. येथे आपल्या एका कमजोरीबद्दल बोलले पाहिजे. आपण उर्दू शाळांत शिकलेले. मराठी बोलतो, पण अर्ज लिहायचा म्हटले की हात थांबतो. मी स्वतः मराठी वाचायला शिकलो ते विजेच्या बिलांवरून आणि कोर्टाच्या नोटिसांवरून. या थांबलेल्या हातावर त्या झाडाखालच्या टेबलाचे घर चालते. दहा ओळींचा साधा अर्ज मुलगी लिहून देऊ शकते, जी आज मराठी शिकते आहे. चुका असल्या तरी चालतात. अर्ज शुद्धलेखनासाठी कोणी नाकारू शकत नाही.

त्याच्या मुलीनेच अर्ज लिहिला. आम्ही दोघे गेलो. आवक टेबलावर म्हणाले, "ठेवून जा." मी म्हटले, शिक्का आणि तारीख हवी. "शिक्केवाला जेवायला गेला." आम्ही बसलो. सव्वा तासाने शिक्का मिळाला. त्या सव्वा तासात तीन ओळखीचे व्यापारी भेटले. तिघांनीही मला बाजूला घेऊन एकच सांगितले की एवढ्याशा कामासाठी कशाला, तीन हजार मी देतो. त्यांची नियत चांगली होती. पण एकानेही "मीही बसतो तुमच्यासोबत" असे म्हटले नाही. आमची व्यापारी संघटना दरवर्षी वर्गणी घेते. त्यातला कितीतरी पैसा 'संबंध राखण्यात' जातो हे सर्वांना माहीत आहे. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस एक शिकलेला मुलगा संघटनेच्या कार्यालयात बसवावा, जो अर्ज लिहील, पोच सांभाळील, मुदती मोजील, आणि ज्याला एकटे जायला भीती वाटते त्याच्यासोबत जाईल. सापळा लावायला धैर्य लागते, पोच घ्यायला फक्त वेळ लागतो. वेळ तरी आपण देऊ शकतो.

मुदतीचे दिवस गेले, नाव लागले नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून त्या फाईलचा रोजचा प्रवास मागितला आहे, कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती ते. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. पहिले अपीलही दाखल केले आहे. दरम्यान माझ्या गोदामाच्या आकारणीची फाईल, जी कधी अडत नव्हती, 'त्रुटी' म्हणून तिसऱ्यांदा परत आली. त्रुटी कोणती ते लेखी द्यावे असा अर्ज मुलाने लिहिला. मी स्वतः नेऊन दिला, आणि त्याची पोच आता माझ्या गल्ल्यात, त्या तीन हजारांच्या शेजारी आहे.